काचेच्या खोलीतला शहाणा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे. शाळेतले फळे भिंतीला पाठ टेकून सावलीत राहतात आणि दिवाळीत, उन्हाळ्यात त्यांना सुट्टी मिळते. मी एका सहकारी साखर कारखान्याच्या गाडीतळावर उघड्यावर उभा राहिलो. ऊन, धूळ, बैलांच्या शेपट्या आणि तंबाखूचे हात, सगळं माझ्या अंगावरून गेलं आहे. माझा स्वभाव थोडा जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे तुम्हाला ते कळणारच आहे.

माझी गोष्ट सांगायची तर मला आणखी एकाची गोष्ट सांगावी लागते, आणि तिथेच माझ्या पोटात दुखायला लागतं. तो म्हणजे काचेच्या खोलीतला शहाणा. लोक त्याला कंप्युटर म्हणत. त्याचं नाव घेतल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही, आणि त्याच्या गोष्टीत माझं नाव कुणी घेत नाही. मग मी जळू नको तर काय करू?

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागातली माणसं खडी फोडून जगली. त्यानंतर चार गावच्या लोकांनी एकत्र येऊन, शेअर गोळा करून, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजूला एका माळावर हा कारखाना उभा केला. ढोकीच्या कारखान्याएवढा तो मोठा नव्हता, पण आपला होता. त्याची यंत्रं लाकडी पेट्यांतून आली. यंत्रं आत गेली आणि पेट्या बाहेर राहिल्या. श्रीपती सुताराने त्या पेट्यांच्या लाकडाला रंधा मारला, फळ्या जोडल्या, कोळशाची पूड आणि घेवड्याचा पाला घासून मला काळंभोर केलं आणि कडुलिंबाच्या झाडाजवळ दोन खांबांवर उभं केलं. म्हणजे मी यंत्रांच्या उरलेल्या लाकडाचा. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

माझं काम ऐका. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्यांतून ऊस घेऊन येत. गाड्या तळावर उभ्या राहत आणि पाळीपाळीने वजनकाट्यावर जात. कोणत्या टोळीची पाळी आधी आणि कोणाची मागून, हे माझ्याकडे बघून कळे. टोळ्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून गाडीतळाचे कारकून शांतलिंगअप्पा यांनी प्रत्येक टोळीला एक चिन्ह दिलं होतं, निवडणुकीत देतात तसं. कुणाला छत्री, कुणाला कोंबडा, कुणाला विळा, कुणाला चूल. अप्पा खडूने ती चिन्हं माझ्यावर काढत. वरच्या ओळीत जे चिन्ह असेल त्या गाड्यांनी काट्यावर जायचं, आणि मधल्या ओळीतल्यांनी बैल जुंपून तयार राहायचं.

अप्पांचा हात फार सुरेख होता. त्यांच्या कोंबड्याला तुरा असे, नखं असत, आणि शेपटी तर रोज वेगळी. कोंबड्याच्या टोळीतली माणसं मुद्दाम थांबून बघत.

"अप्पा, आज आमचा कोंबडा लई झोकात हाय," असं कुणीतरी म्हणे, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. तुम्ही म्हणाल, कौतुक अप्पांचं, तुझं काय? पण मित्रांनो, कोंबडा माझ्या अंगावर उभा होता ना?

मग पंच्याऐंशी साली पुन्हा पाऊस रुसला. गाडीतळावरची विहीर आटली. बैलांसाठी सडकेच्या पलीकडे एक सिमेंटचा हौद बांधला आणि त्यात टँकरने पाणी येऊ लागलं. तिथवर बैल नेऊन आणायला वेळ लागे. गाडीवान बैल घेऊन पाण्याला गेला आणि मागे त्याची पाळी आली, तर पाळी चुकायची. अप्पांनी हे एकदोनदा पाहिलं आणि माझ्यावर अगदी खाली तिसरी ओळ काढायला सुरुवात केली. खालच्या ओळीत आपलं चिन्ह दिसलं की समजायचं, अजून अवकाश आहे, बैलांना पाणी पाजून घ्या. ह्या ओळीचा हुकूम कुणी काढला नव्हता. ती कार्यालयात कुणाला ठाऊकही नव्हती.

छत्रीच्या टोळीत कोंडाबाई आणि तिचा नवरा उत्तरेश्वर होते. त्यांची जमीन दोन वर्षं कोरडीच होती. बाळ्या आणि मण्या ही त्यांची बैलजोडी, आणि घर चालायचं ते त्या जोडीच्या खांद्यावर. कोंडाबाई गाडीच्या साटीवर बसून लांबूनच माझ्याकडे बघे. छत्री खाली दिसली की उठायची, बैल सोडायची आणि हौदाकडे चालू लागायची. कुणाला काही विचारायची नाही. मला ती फार आवडे, कारण तिच्याइतकं माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

असं माझं बरं चाललं होतं. आणि शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तो आला.

तोही लाकडी पेटीतून आला, पण पेटीत मऊ पांढरा कापूस भरलेला. माणसं घागरी घेऊन टँकरमागे धावत होती, आणि ह्याच्यासाठी कार्यालयात काचेची खोली बांधली गेली. कारण काय, तर ह्या साहेबांना उकाडा सोसत नाही. खोलीत थंड हवेचं यंत्र बसवलं. धूळ चालत नाही म्हणून दाराबाहेर चपला काढायचा नियम झाला. देवळासारख्या चपलांच्या रांगा लागल्या. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं गेलं, अंगावर मखमली झाकण आलं. माझ्यावर कधी गोणपाटही कुणी टाकलं नव्हतं. नव्याचे नऊ दिवस, अशी मी मनाची समजूत घातली. पण नऊ दिवस गेले, महिना गेला, तरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्या काचेला नाक लावायचा. मी समोरच उभा होतो. माझ्याकडे पाठ करून ते त्याला बघायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याच्याबरोबर सुजाता ओव्हाळ नावाची तरुण मुलगी नोकरीला लागली. वाशीच्या मास्तरांची ही लेक औरंगाबादला शिकून आली होती. कंप्युटरने काय काय करायचं ते त्याच्या भाषेत लिहून देणं हे तिचं काम. त्या लिहिण्याला प्रोग्राम म्हणत. पहिल्याच आठवड्यात ती कागद-पेन्सिल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि बराच वेळ मला न्याहाळत राहिली. मला वाटलं, चला, कुणीतरी पारखी भेटलं. मग कळलं की बाई माझं काम उतरवून त्याला शिकवणार आहे. शेजारणीने तुमच्या पाटल्यांचं भरभरून कौतुक करावं आणि दुसऱ्या दिवशी तोच नमुना सोनाराकडे नेऊन आपल्या सुनेला घडवावा, तसं झालं.

"अप्पा, ह्या ओळींचा अर्थ काय?" तिनं विचारलं.

"वरची काट्याची, मधली तयारीची," शांतलिंगअप्पा म्हणाले. "झालं, एवढंच."

मी तेव्हा पुसलेला होतो. तिसऱ्या ओळीची अप्पांना आठवणच झाली नाही. त्यांच्या मते ते कारखान्याचं काम नव्हतं, बैलांचं होतं. मी मात्र मनात टाळ्या वाजवल्या. घ्या म्हटलं, न्या अर्धवट विद्या तुमच्या शहाण्याला.

पावसाळाही तसाच कोरडा गेला. दसरा जवळ आला. टोळ्या नेहमीप्रमाणे हंगामाच्या आधी येऊन माळावर कोप्या, म्हणजे छोट्या झोपड्या, घालून राहिल्या. यंदा नवी पद्धत ठरली. गाडीवानाने खिडकीशी जायचं, कंप्युटरची छापील चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठीवर इंग्रजी आकड्यांत नंबर. पाळी आली की कर्ण्यावरून नंबर पुकारला जाणार. फळ्याचं काम संपलं.

कारखान्याचे मॅनेजर आण्णासाहेब यांनी एक दिवस टोळ्यांतली माणसं काचेच्या खोलीत बोलावली. ही सगळी हकिगत मला बाहेर माझ्या सावलीत टेकलेल्या माणसांकडून कळली. चपला बाहेर काढून ती गार फरशीवर अंग चोरून उभी राहिली. यंत्र टरटरलं, चिठ्ठी बाहेर आली. आण्णासाहेबांनी ती सगळ्यांना दाखवली, नंबर कसा पुकारला जाईल ते सांगितलं आणि विचारलं, "कळलं का?"

"व्हय जी, कळलं," सगळे एका सुरात म्हणाले. कोंडाबाईही म्हणाली.

आण्णासाहेब खूश होऊन बाहेर आले. लिंबाखाली त्यांची जीप उभी होती. सुजाता त्यांच्या मागोमाग आली.

"साहेब, हंगामाआधी एकदा ह्याची तपासणी करू या," ती म्हणाली.

"आता झाली ती काय होती?" आण्णासाहेब म्हणाले. "कंपनीची माणसं पुण्याहून येऊन तपासून गेली. आकडे बरोबर आले. गाळपाची पहिली मोळी टाकायचा मुहूर्त ठरलाय, पत्रिका छापायला गेल्यात. आता आणखी काय तपासायचं राहिलं?"

"यंत्र तपासून झालं साहेब. माणसांच्या हातात ते कसं चालतं, ते नाही तपासलं."

"अहो, तुमच्यादेखत विचारलं की मी त्यांना. सगळे व्हय म्हणाले."

"तुम्ही विचारलंत म्हणून व्हय म्हणाले."

आण्णासाहेबांच्या कपाळावर आठी पडली. ते काही वाईट मनुष्य नव्हते. कारखान्याच्या पायाचा पहिला दगड स्वतःच्या डोक्यावरून वाहिलेला माणूस. पण यंत्रावर सभासदांचा पैसा घातला होता आणि त्यात खोट निघाली तर सगळा जिल्हा हसेल, ही भीती त्यांना होती. तपासणी नको वाटत होती ती त्या भीतीनेच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"साहेब, तुम्ही वाशीच्या बाजारात बैल घेता," सुजाता म्हणाली. "विकणाऱ्याला विचारता का, गाडीला चालतो का म्हणून?"

"त्याला काय विचारायचं? तो व्हयच म्हणणार."

"मग काय करता?"

"दात बघतो. मग जुंपून चार पावलं चालवून बघतो."

"आपण ह्याचे दात बघितलेत," ती खोलीकडे बोट करून म्हणाली. "जुंपून बघितलं नाही. माझ्या आजोबांनी एकदा नुसते दात बघून बैल घेतला होता. त्यानं शेवटपर्यंत खांदा दिला नाही. घरात अजून त्याचं नाव निघतं."

आण्णासाहेब हसले. मलाही मनातून बरं वाटलं. त्याला बैलाच्या रांगेत बसवलं ना, तेवढंच.

"एक दुपार देतो," ते म्हणाले. "रिकाम्या गाड्यांवर बघा काय बघायचं ते."

"तुम्हीही यायचं साहेब. पण कुणाला दिसायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. तुम्ही दिसलात की सगळे पुन्हा व्हय म्हणतील."

"मी लपून बसू? माझ्याच कारखान्यात?"

"फळ्यामागं जागा आहे," सुजाता म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवशी सकाळी मला ओल्या फडक्याने पुसलं. छत्री गेली, कोंबडा गेला. इतक्या वर्षांत मी असा उघडाबोडका गाड्यांसमोर कधी उभा राहिलो नव्हतो. त्यात माझ्या दोन फळ्यांच्या मध्ये उन्हाने फट पडली होती. एरवी लोक त्या फटीला नावं ठेवत. आज माझ्यामागे पोत्यावर बसून कारखान्याचे मॅनेजर त्याच फटीला डोळा लावून होते. त्यांचा श्वास मला पाठीवर लागत होता. सुजाता शेजारी उकिडवी बसली होती. नंबर पुकारण्याचं काम खिडकीतला कारकून करत होता. अप्पांना कुणालाही काहीही सांगायचं नाही अशी तंबी होती, ते नुसते झाडाखाली उभे होते.

दसऱ्याच्या आधीचं ऊन तुम्हाला माहीत आहे. गाडीवान खिडकीशी गेले, चिठ्ठ्या घेऊन आले. उत्तरेश्वर दळण आणायला गेला होता, म्हणून कोंडाबाई गेली. चिठ्ठी तिनं उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, कपाळाला लावली आणि बटव्यात ठेवली. कपाळाला लावली. माझ्या छत्रीला तिनं कधी हात जोडले नव्हते.

गाड्या उभ्या राहिल्या. कर्ण्यावर नंबर येऊ लागले. पहिला नंबर पुकारला तेव्हा कुणीच हललं नाही. मग एकाने दुसऱ्याला चिठ्ठी दाखवली, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिसरा म्हणाला, "मला काय म्हाईत? बाजूला इचार." शेवटी भलतीच गाडी काट्याकडे निघाली आणि तिच्यामागे आणखी एक.

"अरे, तो नंबर त्याचा नाही," माझ्यामागे आण्णासाहेब पुटपुटले. सुजाताने ओठांवर बोट ठेवलं. तिच्या कपाळावरही घाम आला होता. प्रोग्राम तिचाच होता ना. मला दोघांकडे बघून गुदगुल्या होत होत्या.

ऊन चढलं. बाळ्या जीभ बाहेर काढून उभा होता. मण्याने मान खाली टाकली होती. कोंडाबाईने माझ्याकडे बघितलं. मी कोरा. तिनं बैल जुवातून सोडले. एवढ्यात कर्णा वाजला. तिनं ते घाईघाईने पुन्हा जुंपले. तिचा नंबर नव्हता. थोडा वेळ गेला. तिनं पुन्हा सोडले, दोन पावलं हौदाच्या दिशेने टाकली, थांबली, कर्ण्याकडे बघत राहिली आणि बैल परत फिरवले. सगळ्या तळावर हेच चाललं होतं. सोडायचे आणि बांधायचे. हौद भरलेला होता आणि एकही बैल पाण्यावर गेला नव्हता.

"पाणी का पाजत नाही ही?" आण्णासाहेब दात ओठ खात कुजबुजले. "हौद समोर दिसतोय की." त्यांनी रुमालाचा बोळा करून तोंडाला लावला.

मग मण्या बसला. गाडीला जुंपलेलाच, पुढच्या गुडघ्यांवर खाली आला. जू तिरपं झालं आणि बाळ्याची मान पिरगाळली. कोंडाबाई धावली, त्याला जुवातून सोडवू लागली. आता मात्र आण्णासाहेबांना राहवलं नाही. ते माझ्यामागून बाहेर आले आणि जू खांद्यावर उचलून धरलं. सुजाताने टँकरच्या बादलीतून पाणी आणून मण्याच्या तोंडाशी धरलं. बैल प्यायला. थोड्या वेळाने उठून उभाही राहिला.

"बाई, मघापासून बैल का सोडले न्हाईत?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"नंबर कवा पुकारतील त्याचा नेम काय जी?" कोंडाबाई म्हणाली. "फळ्यावर आमची छत्री खालच्या वळीत असली की कळायचं, लई येळ हाय. मग पाणी पाजून यायचो. आता कशाच्या भरवशावर जावं?"

"खालची ओळ? कसली खालची ओळ?"

शांतलिंगअप्पांनी कपाळावर हात मारला. "माझ्या ध्यानातच आलं न्हाय साहेब. पाण्याची ओळ. ती आमची आपसातली व्हती."

आण्णासाहेब पुन्हा कोंडाबाईकडे वळले. "आणि खोलीत मी विचारलं, तवा 'कळलं' असं का म्हणाला सगळे?"

कोंडाबाईने पदर सारखा केला. "सायबानं इतकं जीव तोडून सांगितल्यावर न्हाय कळलं कसं म्हणावं?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. आमच्याकडे पाहुण्यासाठी केलेलं कालवण खारट झालं तरी तो तसं म्हणत नाही.

आता माझ्या आनंदाची कल्पना करा. उंटावरच्या शहाण्याचं पितळ भर उन्हात उघडं पडलं होतं. आण्णासाहेब काचेच्या खोलीकडे रागाने बघत होते.

"बंद करा ते यंत्र," ते म्हणाले. "झाकून ठेवा. अप्पा, खडू आणा."

हे शब्द ऐकायला मी महिनोन् महिने तरसलो होतो. अप्पा खडूच्या डब्याकडे निघालेसुद्धा. आणि ती मुलगी मध्ये उभी राहिली. माझ्या आणि खडूच्या मध्ये.

"साहेब, थांबा," ती म्हणाली. "आज चूक सापडली म्हणून यंत्र बंद करायचं, मग तपासणी केलीच कशाला? आज गाड्या रिकाम्या आहेत. हीच चूक हंगामात सापडली असती तर भरल्या गाड्या अशाच उभ्या राहिल्या असत्या. ऊस वाळला असता, आणि आज एक बैल बसला तिथं पन्नास बसले असते."

"मुहूर्त तोंडावर आलाय बाई."

"एक आठवडा द्या. चुका माझ्या प्रोग्रामात आहेत. मी दुरुस्त करीन, पुन्हा अशीच एक दुपार बघू. पुन्हा फळ्यामागं बसून."

आण्णासाहेबांनी मण्याकडे पाहिलं. तो आता शेपटीने माश्या हाकत होता. त्यांनी स्वतःच्या खांद्यावर हात फिरवला, जू उचलून तिथं सालपट निघालं होतं.

"बसू," ते म्हणाले. "पण पोतं जरा जाड टाका."

मित्रांनो, माझं नशीब बघा. त्याची फजिती व्हावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. फजिती झाली, आणि तीच त्याला लाभली. तो चुकला नसता तर हंगामात तोंडावर आपटला असता आणि कायमचा मखमलीखाली गेला असता. माझ्यासमोर चुकला म्हणून सुधारला.

आणि सुधारण्यासाठी गुरू कोण? मीच. सुजाता रोज माझ्यासमोर येऊन बसू लागली. अप्पांना तिनं माझ्यावर सगळी चिन्हं काढायला लावली, तिन्ही ओळींत. त्या शहाण्याला साधी छत्री काढता येत नव्हती. त्याला फक्त इंग्रजी अक्षरं आणि चांदण्यांसारख्या खुणा छापता येत. मग सुजाताने चांदणीशेजारी चांदणी मांडून त्याच्याकडून छत्री काढून घेतली. छत्री बरी आली, हे मी नाइलाजाने मान्य करतो. पण कोंबडा. दुसऱ्या दुपारी कोंबड्याच्या टोळीचा मुकादम चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला.

"ह्यो भोपळा कुणाच्या टोळीचा?" त्यानं विचारलं.

माझ्यामागे पोत्यावर बसलेले आण्णासाहेब रुमाल तोंडात कोंबून हसले. मी तर इतका हललो की खांब करकरले. कुठे अप्पांच्या हातचा तुरेवाला कोंबडा आणि कुठे हा. पण सुजाता हसली नाही, रडलीही नाही. तिनं मुकादमालाच विचारलं की कोंबडा कशावरून ओळखायचा. तो म्हणाला, तुऱ्यावरून. तिनं तुरा वाढवला. तिसऱ्या दुपारी मुकादमाने चिठ्ठी बघितली आणि काही न बोलता काट्याकडे गाडी हाकली. आण्णासाहेबांनी मागून हळूच सुस्कारा सोडला. आता त्यांना गप्प बसा असं म्हणावं लागत नव्हतं.

पाण्याच्या ओळीचं काय केलं, ते सांगताना मला आजही कसंसंच होतं. कर्ण्याचं पुकारणं बंद झालं. त्याऐवजी कंप्युटर एक लांबलचक कागद छापू लागला. वर काट्यावर जाणारी चिन्हं, मध्ये तयारीची, आणि सगळ्यांत खाली पाण्यावर जाणाऱ्यांची. तो कागद सगळ्यांना लांबून दिसेल अशा जागी लावायला हवा होता. अशी जागा तळावर एकच होती.

होय. माझ्यावर खळ लावून त्याचा कागद चिकटवला गेला. दर थोड्या वेळाने जुना फाडायचे आणि नवा चिकटवायचे. इतकी वर्षं खडूचा हात फिरलेलं माझं अंग त्या दिवसापासून त्याच्या कागदाखाली गेलं. अप्पा चिकटवताना मला हलकेच थोपटत. त्यांनाही वाईट वाटत असावं. पण एका दुपारी ते कुणाला तरी म्हणताना ऐकलं, "बरं झालं बाबा, रोज पन्नास कोंबडे काढून मनगट दुखायचं." इतकी वर्षं मला त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

मोळी टाकायचा दिवस उजाडला. मांडव पडला, सनई लावली, आण्णासाहेबांनी भाषण केलं. भाषणात कंप्युटरचं नाव आलं, सुजाता ओव्हाळ हे नाव आलं, शांतलिंगअप्पांचंही आलं. माझं येईल म्हणून मी कान देऊन होतो. नाही आलं. मग टाळ्या वाजल्या आणि पहिल्या गाड्या हलल्या.

मित्रांनो, एरवी असं आत्मवृत्त शेवटाला आलं की जुनी वस्तू म्हणते, मला विसरू नका, माझी काळजी घ्या. तसं मीही म्हणेन. माझी फट कुणीतरी बुजवावी, पावसात मला आत घ्यावं, आणि कधीतरी एखादा कोंबडा खडूने काढावा, एवढं मागणं आहे. पण त्याआधी एक सांगतो, आणि हे सांगताना माझा जळफळाट होतो आहे हे लक्षात असू द्या. उद्या तुम्ही मोठे व्हाल, साहेब व्हाल, कुणासाठी तरी नवं काही आणाल. तेव्हा ते ज्याच्यासाठी आणलं त्याच्या हातात आधी द्या. कळलं का, असं विचारू नका. बाजूला बसा, तोंडावर रुमाल धरा आणि बघा. चूक दिसली तर आनंद माना. हे मी त्याच्या भल्यासाठी सांगत नाही, तुमच्या बैलांसाठी सांगतो.

त्या पहिल्या दिवशी दुपारी उसाने भरलेल्या गाड्यांनी तळ भरून गेला होता. ऊन तसंच होतं. कोंडाबाई गाडीच्या साटीवर बसली होती. तिनं मान वर करून माझ्या अंगावरच्या कागदाकडे एकदा बघितलं. चांदण्यांची छत्री खालच्या ओळीत होती. ती उठली, बाळ्या आणि मण्याला सोडलं आणि सडक ओलांडून गेली. कुणाला काही विचारलं नाही. परत आली तेव्हा दोघांच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं आणि तिला घाई नव्हती.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पण मी नीट पाहत होतो, तिनं काचेच्या खोलीकडेही बघितलं नाही. ती मण्याचं तोंड पदरानं पुसत होती.